बायकोला किडनी देतोय, पण सत्कार नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवऱ्याने बायकोला किडनी दिली अशी बातमी तुमच्या पेपरात अधनंमधनं येते, सोबत फोटो, बुके, आणि हेडिंगमध्ये कुठेतरी सत्यवान किंवा उलटी सावित्री असतंच. वाचताना बरं वाटायचं. आता मीच त्या रांगेत आहे, पुढच्या मंगळवारी पुण्यात ऑपरेशन, म्हणून हे पत्र. मोबाईलवर टाईप करतोय, चुका असतील त्या तुम्ही बघून घ्या.

मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर असतो, २६ वर्षं झाली. वय ४८. बायको ४३. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या, बीपी होतं, कळलं उशिरा, तेव्हापासून आठवड्यातनं तीन दिवस मिरजेला डायलिसिस, एका वेळी चार तास. दिवसाला पाणी एक लिटर, त्यातच चहा आणि आमटी पण धरायची. तिने बाटलीवर मार्करने रेघा मारल्यात, दुपारच्या रेघेखाली पाणी गेलं की संध्याकाळी बर्फाचा खडा चोखत बसायचं. नारळपाणी बंद, केळं बंद, टोमॅटो बंद, भाजी उकळून ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी. हाताला फिश्चुला केलाय, म्हणजे शीर आणि धमनी जोडलेली, तिच्यावर बोट ठेवलं की आत सारखी घरघर लागते. रात्री ती झोपली की मी हळूच बोट ठेवून बघतो, चालू आहे ना. ही घरघर बंद पडली म्हणजे पंचाईत, असं डायलिसिसच्या सिस्टरने पहिल्या दिवशीच सांगितलेलं, ते डोक्यातनं जातच नाही.

मेलेल्या माणसाची किडनी मिळावी म्हणून पुण्याच्या झेडटीसीसीत, म्हणजे अवयव वाटपाच्या केंद्रात, नाव घातलंय पण तिथे यादी लांबलचक. तिच्या भावाला शुगर, आईचं वय झालेलं. माझा ग्रुप ओ पॉझिटिव्ह, तिचा बी, म्हणजे चालतो. मी डॉक्टरांसमोरच म्हणलं मी देतो. म्हणलं तेव्हा काही विचार केला नव्हता, खरं सांगतो, एसटीत म्हाताऱ्या माणसाला जागा द्यावी तसं तोंडातनं गेलं.

भीती नंतर आली, आणि ती ऑपरेशनची नव्हती, म्हणजे ती पण होतीच. डॉक्टरांनी सांगितलं की किडनी देणारा दगावण्याचं प्रमाण दहा हजारात साधारण तीन. आता आमच्या कंपनीत दहा हजार नगात तीनच रिजेक्ट निघाले तर क्वालिटीवाले पेढे वाटतील. मी पण हसून मान हलवली. पण घरी येताना एसटीत सातारा येईस्तोवर एकच डोक्यात, की ते तीन नग कुणीतरी असतातच ना, त्यांना कुठे माहीत असतं आपण रिजेक्टमध्ये जाणार म्हणून.

आईला सांगितलं तर ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बाळा तू कमवता माणूस, तू कशाला देतोस, तिच्या माहेरच्यांना विचार की. मी म्हणलं आई, मला लागली असती तर हिने दिली असती का नसती? आई म्हणाली, ती द्यायचीच की, बाईचं काय. हे ती रागाने नाही बोलली, तांदूळ निवडत निवडत अगदी साधं बोलली, म्हणून जास्त लागलं. आणि कंपनीत उलटं. तिथे मी एका रात्रीत देवमाणूस झालो. सुपरवायझरने खांद्यावर हात ठेवला, कुणी म्हणालं ह्याने वडाला सात फेरे मारलेत, चहाचे पैसे कुणी घेईना. आमच्याच खात्यातल्या एका हेल्परच्या बायकोने चार वर्षांपूर्वी त्याला किडनी दिली, तेव्हा तिचं नाव पण कुणी विचारलं नव्हतं. मी पण नव्हतं विचारलं.

टेस्टचं सगळं लिहीत बसत नाही, रक्त, एक्स-रे, स्ट्रेस टेस्ट, शुगरचं पाणी पिऊन दोन तास बसणं, तंबाखूचा मावा बंद (हा सगळ्यात अवघड). २४ तासांची लघवी एका मोठ्या कॅनमध्ये साठवायची असते, त्यासाठी रविवार धरून घरात बसलो, कॅन थंड ठेवायचा म्हणून फ्रीज उघडला तर ही आडवी, दुधाच्या शेजारी नाही ठेवायचा म्हणून. शेवटी बर्फाच्या घमेल्यात मोरीत ठेवला. त्या दिवशी आम्ही दोघं लई हसलो, पोरगी पण. कागदांचा ताप वेगळाच, आमचं लग्न २००१ चं, नोंदणी तेव्हा कोण करत होतं, आता लग्नाचं सर्टिफिकेट पाहिजे, लग्नातला फोटो पाहिजे, पोरीचा जन्मदाखला पाहिजे. माळ्यावरनं अल्बम काढला तर पानं एकमेकांना चिकटलेली, एकच फोटो धड निघाला, अक्षता पडतायत आणि आमच्या दोघांचे पण डोळे मिटलेले. तोच फाईलला लावलाय.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. सीटी अँजिओ, म्हणजे किडनीच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन, झाली तेव्हा आतल्या माणसाने सहज सांगितलं, डाव्या किडनीला धमन्या दोन दिसतायत, मोठे डॉक्टर बघून ठरवतील. शक्यतो डावीच काढतात, तिची नीला, म्हणजे शीर, लांब असते म्हणून, आणि धमनी एक असली तर जोडायला सोपं. म्हणजे कदाचित मी बाद. मोठे डॉक्टर बाहेरगावी, चार दिवसांनी येणार होते. संपादकसाहेब, त्या चार रात्री मला गाढ झोप लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. शेजारी ही कुशीवर वळून झोपलेली, हाताची घरघर चालू, आणि मी मनात देवाला म्हणतोय की बाबा रिपोर्ट फेल येऊ दे, म्हणजे मी नाही म्हणलो असं होणार नाही आणि द्यावी पण लागणार नाही. सकाळी उठून तिला गोळ्या काढून द्यायचो तेव्हा तिच्याकडे बघवायचं नाही. चार दिवसांनी डॉक्टर म्हणाले दोन धमन्या असल्या तरी काही अडत नाही, आम्ही करतो अशी ऑपरेशन. मी म्हणलं बरं झालं. बाहेर येऊन बाकड्यावर बसलो तर पायात जोरच नव्हता.

हे असं होतं हे कुणीच कुठे लिहीत नाही. बातमीतला माणूस नेहमी क्षणाचाही विलंब न लावता देतो. मला वाटलं आपणच नालायक.

मग एक दिवस तिथल्या कोऑर्डिनेटर मॅडमनी मला एकट्याला आत बोलावलं. हिला बाहेर बसवलं, पोरीला पण. दार लावलं, पंखा बंद केला कारण खडखड करत होता, आणि म्हणाल्या, दादा, तुम्ही नाही म्हणू शकता. मी म्हणलं नाही नाही, मी तयार आहे. त्यांनी दुसरं काहीबाही विचारलं, पगार किती, घरी कोण कोण, आणि परत तेच, नाही म्हणायचं असेल तर सांगा, आम्ही घरच्यांना एवढंच सांगू की डोनर म्हणून तुम्ही बसत नाही, कारण कुणाला कळणार नाही. मी गप्प. तिसऱ्यांदा म्हणाल्या, आज उत्तर नका देऊ, चहा पिऊन या. मी खाली टपरीवर गेलो, दोन चहा घेतले, आणि तिथे उभा राहून पहिल्यांदा खरा विचार केला. तोपर्यंत मी फक्त अडकलो होतो, आता दार उघडं होतं आणि कुणी बघत पण नव्हतं. स्वारगेटचा एसटी स्टँड तिथनं रिक्षाने जवळ. वर गेलो आणि धमनीची, त्या चार रात्रींची सगळी गोष्ट मॅडमना सांगून टाकली. त्या म्हणाल्या, बऱ्याच जणांना असं वाटतं, सांगणारे कमी. मग मी हो म्हणलं. हे हो आधीच्या हो सारखं नव्हतं. भीती तेवढीच आहे, आत्ता टाईप करताना पण आहे, पण चोरून नाही.

आणि म्हणूनच त्या बाईचं सांगायचंय. रक्ताच्या रांगेत भेटली, ३२-३३ ची असेल, नवऱ्याला देणार होती. सोबत सासू आणि दीर. सिस्टरने काहीही विचारलं की सासूच उत्तर द्यायची, तयार आहे ती, तिचं काही म्हणणं नाही. सासू जरा पाणी प्यायला गेली तेव्हा ती हळूच मला म्हणाली, दादा, नंतर घागर उचलता येते का हो? मी म्हणलं, मला सांगितलंय की सुरवातीचे दीड-दोन महिने जड उचलायचं नाही, मग येतं. ती म्हणाली, दीड महिना कोण भरणार पाणी? आणि सासू आली तशी परत खाली बघत बसली. मला लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा जड तुकडा, चढवता येईल का ही माझी काळजी आणि तिची घागर, एकच काळजी की. फरक एवढाच, मला विचारायला मॅडम होत्या. तिला कुणी दार लावून विचारलं का, माहीत नाही.

अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आहे, २०११ ला दुरुस्त झाला, आणि २०१४ च्या नियमांत स्पष्ट आहे की देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची, आणि तिची स्वतःची संमती आहे ना हे ज्याला किडनी मिळणार तो सोडून दुसऱ्या माणसाकडनं खात्री करायची. पोरीने मोबाईलवर काढून दाखवलं. पण दुसरा माणूस म्हणजे सासूच असेल तर? मुलाखतीचं व्हिडिओ शूटिंग होतं, कुणाचा दबाव नाही ना असं विचारतात, ती नाही म्हणणार, दुसरं काय म्हणणार, बाहेर दीर बसलाय. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे तुमच्याच पेपरात वाचलंय. तर माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक डोनरला, बाईला तर नक्कीच, घरच्यांना बाहेर काढून, एकदा नाही तीनदा विचारा, मध्ये चहाला जाऊ द्या, आणि नाही म्हणली तर तिच्यामागे डॉक्टरांनी उभं राहावं. माझ्या वेळी झालं ते त्या मॅडम चांगल्या म्हणून झालं. असं नशिबावर सोडायची गोष्ट आहे का ही?

रजेचं पण लिहितो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने अवयव दिला तर २०२३ पासून ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा आहे. चांगलंच आहे. आमच्यासारख्या कंपनीतल्या माणसाला काय, हजेरी बुडली की पगार बुडाला, ज्यांनी खांद्यावर हात ठेवला त्यांनीच सांगितलं की रजा बिनपगारी होईल बरं का. चहाचे पैसे मात्र अजून घेत नाहीत.

एक गोष्ट राहिली. घरात आमची भांडणं बंद झालीत. आधी मी आमटीत मीठ कमी म्हणलं की ही म्हणायची, उठा आणि घ्या, हात मोडलेत का. आता बिनमिठाचं तिचं असतं आणि चुकून माझ्या ताटात आलं आणि मी काही बोललो तर ती गप्प उठते, मिठाची बरणी आणून ठेवते. पोळीला तूप जास्त लावते. परवा मी मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवून बसलो, तिला तो चालत नाही, काही बोलली नाही. मी म्हणलं, अगं बोल की. तर म्हणाली, तुम्हाला काय बोलू मी आता. एवढं एकच वाक्य, पण मला वाटतं ऑपरेशनपेक्षा हे अवघड जाणार. किडनी उजव्या बाजूला खाली पोटात बसवतात, तिच्या जुन्या दोन तिथेच राहतात, माझी एक राहील ती हळूहळू जास्त काम करायला लागेल, हे सगळं डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. आमच्या दोघांमध्ये हे जे उपकाराचं येऊन बसलंय ते कुठे बसवायचं ते चित्रात नव्हतं.

बॅग भरून ठेवलीय. पोरगी सुट्टी टाकून येणार आहे, ती दोन वॉर्डांत धावणार, तिची काळजी वाटते. आई येते म्हणाली, कालपासून लाडू करतेय, हिने खाऊ नयेत असे सगळे पदार्थ घालून, ते पण एक आहेच.

पत्र छापलं तर नाव छापू नका, फोटो तर नकोच. त्या चार रात्रींचं हिला मी अजून सांगितलेलं नाही. पण ती तुमचा पेपर शब्दकोड्यासाठी डायलिसिसला घेऊन जाते आणि चार तासांत सगळा वाचून काढते, त्यामुळे मंगळवारच्या आत छापलंत तर तिला कळेल कोण लिहिलंय ते. घरी येऊन भांडली तर बरंच होईल.

आपला वाचक,
कुपवाड, ता. मिरज, जि. सांगली