एका कानाने ऐकणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पॉडकास्ट कसा करावा यावर अर्धं पान लेख आला होता. लेख वाईट नव्हता. माईक कुठला घ्यावा, भिंतीला फोम कसा लावावा, पाहुणा नावाजलेला असावा, पहिल्या तीस सेकंदांत ऐकणाऱ्याला धरून ठेवावं, सगळं व्यवस्थित दिलं होतं. शेवटी शेवटी एक वाक्य होतं, की बोलणं 'अस्सल वाटलं पाहिजे'. त्या 'वाटलं'पाशी मी अडलो. दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

मी इचलकरंजीत चाळीस वर्षं जॉबर होतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हे गाव खटखटतंय. माग कुठं अडलाय ते जॉबरला पान्याआधी कानानं कळतं. धोटा (आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडं धावतो तो) एका बाजूनं जोरात आदळतोय, पट्टा घसरतोय, धोट्यातली सुताची कांडी सरत आलीय, हे शेडच्या दारात उभं राहून सांगता यायचं. त्याची किंमतही कानानंच दिली. शेडमधला आवाज शंभर डेसिबलच्या घरात असतो. माझा डावा कान निम्मा गेलाय. घरात मुलगी माझ्याशी बोलताना आपोआप उजव्या बाजूला येते.

तर हा असा बहिरा माणूस दीड वर्षापासून पॉडकास्ट करतो. नाव सांगत नाही, नाहीतर पत्र जाहिरातीच्या खात्यात जायचं. मुलगी अकाउंटंट आहे, रेकॉर्डिंग आणि काटछाट ती करते. विषय एकच, यंत्रमागावरची माणसं. शेवटचा भाग एकशे चाळीस जणांनी ऐकला. आकडा मुद्दाम देतोय, कारण लेखात सगळे आकडे लाखांचे होते.

पहिला भाग मी कागदावरून वाचला. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ चं, म्हणजे माझ्याहून थोडंच धाकटं. चहाच्या गाड्यावर त्या रेडिओचं बोलणं ऐकत मोठा झालो, त्यामुळं माईक पुढ्यात आला की माणसानं तसंच बोलायचं असतं अशी माझी पक्की समजूत. 'श्रोतेहो नमस्कार, आपले सहर्ष स्वागत' वगैरे. आमच्या जुन्या शेडमधल्या एका मागवाल्यानं ऐकून फोन केला, "मामा, बरं हाय न्हवं? कुणी म्हाताऱ्याला धरून बसवल्यागत बोलायलाय." मी कागद फाडला. तेव्हापासून मुलगी समोर एक माणूस बसवते, आमच्यातलाच कुणी तरी, आणि मी त्याला सांगतो. तो मध्येच "मग?" म्हणतो, तेही ठेवतो.

दुसऱ्या भागाला आणखी गंमत झाली. मुलीनं हौसेनं दोन वायरलेस माईकचा संच आणला, एक मला आणि एक पाहुण्याला. घरी हेडफोन लावून ऐकलं, छान वाटलं. दुसऱ्या दिवशी फोनवर फोन. "मामा, पाहुणा मुका हाय काय? तुम्ही इचारताय आन् तुम्हीच गप बसताय." आम्हाला कळेना. मग शेडमध्ये जाऊन बघितलं तेव्हा उजेड पडला. मागवाले एकाच कानात इअरफोन घालतात. दुसरा कान मागाकडं असतो, सुताची तार तुटली तर कळायला पाहिजे. आमच्या माईकच्या सेटिंगमध्ये माझा आवाज डाव्या बाजूला आणि पाहुण्याचा उजव्या बाजूला भरला जात होता. इअरफोनचं डावं बोंड कानात घालणाऱ्यांना नुसते माझे प्रश्न ऐकू आले, उजवं घालणाऱ्यांना नुसती उत्तरं. दोन जागी उभ्या असलेल्या दोघांनी म्हणे जेवणाच्या सुट्टीत आपापली बाजू सांगून भाग पुरा केला.

तेव्हापासून सगळं मोनो. दोन्ही बाजूंना तेच. पुणे-मुंबईच्या लोकांना हे जुनाट वाटेल, वाटू दे. आवाजाची चढउतारही फार ठेवत नाही, कारण हळू बोललेलं शेडमध्ये बुडून जातं. भाग सतरा-अठरा मिनिटांचा, चहाच्या सुट्टीत मावेल एवढा. लाईट गेली की शेड एकदम शांत होते, तेव्हा एकजण फोन स्पीकरवर लावून कापडाच्या ताग्यावर ठेवतो आणि सहा-सात जण भोवती बसतात. त्या वेळेस ऐकलेलं त्यांच्या लक्षात राहतं. आपल्या लेखात माईकच्या किमती होत्या, पण ऐकणारा कुठं उभा आहे आणि त्याच्या दुसऱ्या कानात काय वाजतंय, हा प्रश्नच नव्हता. माझं म्हणणं, आधी तिथं जाऊन उभं राहावं, माईक मग.

आता आक्काचं सांगतो. खरं नाव देत नाही. सव्वीस वर्षं कांडी मशीनवर आहे. साध्या मागाला धोट्यात कांडी लागते, ती कांडी भरणाऱ्या बायका गावात हजारोंनी होत्या. आक्काच्या घरी स्वयंपाकघरात बसलो. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, दाराला गोधडी लावली, माईक लुगड्याला टोचला. आणि आक्का गप्प. "कसं होतं काम?" "बरं होतं." "त्रास व्हायचा?" "होतोय की." वीस मिनिटं हेच. मुलीनं माझ्याकडं बघून मान हलवली.

माझ्या खिशात सवयीनं एक रिकामी कांडी असते, लाकडी, टोकाला झिजलेली. सहज काढून पुढं ठेवली. आक्कानं उचलली, बोटात फिरवली, आणि उजव्या हाताची तर्जनी माझ्यापुढं धरली. "हे बघा दादा." पेरावर एक आडवी खाच होती, सूत धरून धरून पडलेली, सुई मावेल एवढी. "ह्यातनं सूत आपसूक जातंय आता. भांडी घासताना ह्यातच साबण बसतोय." तिथून पुढं पाऊण तास ती बोलत होती, कांडी हातातून खाली ठेवली नाही. कुणालाही बोलतं करायचं तर हाताला त्याच्या कामातलं काही द्यावं, एवढं मला त्या दिवशी कळलं. कोऱ्या टेबलापाशी समोरासमोर बसवलं की माणूस बँकेत कर्ज मागायला आल्यासारखा बसतो.

बोलता बोलता ती जुन्या शेडवर आली. शनिवारी पगार घेताना मेहताजी, म्हणजे शेडचे कारकून, म्हणाले, सोमवारपासून नको येऊस. एवढं सांगून आक्का थांबली. रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता अकरा सेकंदांची आहे, त्यात बाहेर एक सायकलची घंटी वाजते. मुलगी म्हणाली, बाबा, अकरा सेकंद फार होतात, लोकांना फोन बंद पडला असं वाटेल. मी म्हटलं, ज्याला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलंय त्याला नाही वाटायचं. ठेवली.

पण एक भाग काढला. आताच्या मालकाकडून घेतलेली उचल किती, ती कशी फिटत गेली, कुणी काय बोललं, हे आक्कानं अगदी तपशिलानं सांगितलं होतं. सगळ्यात जोरकस तेच होतं. निघताना दारात म्हणाली, "दादा, तेवढं काढ. मला उद्या तिथंच जायचंय." घरी येऊन पहिलं काम ते केलं, मूळ फाईलमधूनही पुसलं. अस्सल म्हणजे पोटातलं सगळं चव्हाट्यावर असा अर्थ हल्ली बरेच जण काढतात. पॉडकास्टवाला भाग टाकून मोकळा होतो, बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कामाची पाळी असते. आता आम्ही प्रत्येकाला भाग आधी ऐकवतो, त्याच्या घरी जाऊन, त्याच्याच फोनवर.

एवढी काळजी घेऊनही माती खाल्लीच. आक्का घरात बोलली होती, आणि नुसत्या बोलण्यात शेडचा वास येईना. खऱ्या शेडमध्ये बसून रेकॉर्डिंग करणं अशक्य. एकदा करून आवाज साफ करणाऱ्या ॲपमधून काढलं तर माणूस विहिरीत पडून बोलतोय असं झालं. म्हणून ठरवलं, मागाचा आवाज वेगळा दोन मिनिटं घ्यायचा आणि बोलण्याखाली बारीक ठेवायचा. मुलगी ऑफिसवरून येताना वाटेतल्या एका शेडमधून घेऊन आली. मी उजव्या कानानं ऐकलं, डोकं हलवलं, भाग गेला.

त्याच रात्री माझ्याच वयाच्या एका मागवाल्याचा फोन. हा माणूस कधी फोन करत नाही. म्हणाला, "आक्का लई ग्वाड बोलली. पर मामा, मागं वाजतोय त्यो कुठला माग?"

मी म्हटलं, "का?"

"त्यो रॅपियर हाय. जॉबर न्हवं काय तू?"

साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास फेऱ्या मारतो, आणि प्रत्येक फेरीला धोटा या पेटीतून त्या पेटीत आपटतो, खटाक, खटाक. रॅपियरला धोटाच नाही. पट्टी आत जाते, आडवं सूत ओढून नेते, त्याचा आवाज सलग, घरघरता. आणि सूत थेट कोनावरून, म्हणजे शंकूसारख्या मोठ्या रिळावरून येतं, कांडी लागत नाही. फोनवरचा माणूस पुढं म्हणाला, "आक्काचं काम ज्यानं खाल्लं, त्योच तिच्या बोलण्यामागं वाजवलास की रे."

मला त्या रात्री झोप नाही. चाळीस वर्षं ज्या कानाच्या जिवावर पोट भरलं त्या कानानं धोका दिला, हे एक. दुसरं म्हणजे आम्ही कुठंही सांगितलं नव्हतं की हा आवाज नंतर घातलाय. ऐकणारा समजणार की आक्का शेडमध्ये बसून बोलतेय. कोणी विचारलं नसतं तर खपून गेलं असतं, आणि गावाबाहेरच्या कुणाला जन्मात कळलं नसतं. पण हा पॉडकास्ट गावाबाहेरच्यांसाठी नव्हताच. पुढच्या भागाच्या सुरुवातीला मी चूक जशीच्या तशी सांगितली, कुठला आवाज, कसा आला, कुणाच्या लक्षात आला. त्या भागाला सगळ्यात जास्त फोन आले, हे आपल्या लेखातल्या तीस सेकंदांच्या नियमात कुठं बसवायचं ते मला कळत नाही.

मध्ये पुण्याच्या एका एजन्सीचा मुलगा येऊन गेला. पोरगा सालस होता. म्हणाला, काका, ऐकणारे वाढवून देतो, सुरुवातीला संगणकाचा आवाज लावू, तुमच्या बोलण्यातलं 'हाय', 'न्हाई' जरा नीट करू. नमुना वाजवून दाखवला. त्या आवाजानं 'चांगलं'मधला च 'चंद्र'मधल्या चसारखा उच्चारला आणि 'जोडणी'चा ज 'जीवन'मधल्यासारखा. माझी बायको आतून चहा घेऊन येत होती, तिथंच उभी राहून हसायला लागली. आमच्याकडं कर्नाटकातून आलेले मागवाले कानडी मिसळून बोलतात, यूपी-बिहारचे हिंदी मिसळून मराठी बोलतात, आणि एकमेकांचं सगळ्यांना कळतं. त्यातलं नीट काय करायचं? म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी हा गावकऱ्यांचा सामुदायिक रेडिओ, ती २००८ पासून माणदेशी माणसांच्या तोंडची भाषा तशीच हवेत सोडते, तिथं कुणाचं अडलेलं मी ऐकलं नाही. पोराला चहा पाजून वाटेला लावलं.

एवढं लिहून मी लेखकाला नावं ठेवतोय असं समजू नये. फोमचा सल्ला कामाचा आहे, गोधडीनं उन्हाळ्यात जीव जातो. फक्त पुरवणीत पुन्हा यावर काही छापणार असाल तर एखादा मजकूर लाखभर ऐकणाऱ्यांपेक्षा शंभर ऐकणाऱ्यांच्या पॉडकास्टवर द्यावा, ही विनंती. असे पॉडकास्ट करणारे आणखी असतील, मला त्यांच्याकडून शिकायचं आहे.

आक्काच्या भागात रॅपियर अजून तसाच वाजतोय. मुलगी म्हणते बदलून टाकू, एका मिनिटाचं काम आहे. पण खरा आवाज हाताशी नव्हता. आमच्या ओळखीच्या एका शेडमध्ये आठ साधे माग उरलेत, त्यातले तीन चालू. मालकानं ते किलोवर विकलेत, मंगळवारी भंगारवाल्याची गाडी येणार आहे. सोमवारी सकाळच्या पाळीला आम्ही माईक घेऊन जातोय. आक्का म्हणाली, मीबी येते, कांड्या मीच भरते, दुसऱ्या कुणाच्या भरलेल्या नकोत.

आपला,
एक निवृत्त जॉबर, इचलकरंजी
(नाव छापू नये. कारण वर आलंच आहे.)