पिकलेला माणूस

च्यांगसू प्रांत, चीन
१७ नोव्हेंबर २०२३

प्रिय समीर,

काल रात्री तुझा मेसेज वाचला. काकूंच्या थायरॉईडची गाठ काढायचं ठरलंय आणि तू विचारलंस, "तिथे आपल्या ओळखीचं कोणी आहे का रे?" मी लगेच दोन फोन केले, त्याचं शेवटी सांगतो. पण मग झोप लागेना. हाच प्रश्न, जवळपास याच शब्दांत, मी इथल्या रुग्णालयात रोज ऐकतो. "यौ मेई-यौ शूरन?" ओळखीचं कोणी आहे का?

'शू' म्हणजे पिकलेलं किंवा शिजलेलं. ओळखीचा तो शूरन, पिकलेला माणूस. अनोळखी तो शंगरन, कच्चा माणूस. हा शब्द कळला त्या दिवशी मला इथली निम्मी ओपीडी कळली.

आमच्या सरांची (इथे ज्येष्ठ डॉक्टरला 'लाओशी', म्हणजे गुरुजी म्हणतात) ओपीडी सकाळी आठला सुरू होते. खोलीचं दार कधी नीट लागतच नाही. एक पेशंट स्टुलावर, दुसरा त्याच्या खांद्यामागे उभा राहून सगळं ऐकतोय, तिसरा सीटी स्कॅनच्या फिल्म्सची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन दारात. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन-चार मिनिटं. मधूनच कोणीतरी डोकावतं, "अमक्या विभागप्रमुखांनी पाठवलंय" म्हणतं, आणि सर 'च्याहाव' करतात, म्हणजे यादीत एक जादा नंबर घालतात. तो अधिकार डॉक्टरचाच.

सुरुवातीला मला याचा संताप यायचा. पुढे कारण दिसायला लागलं. इथे रुग्णालयांच्या तीन श्रेणी आहेत, आणि विश्वास फक्त वरच्या श्रेणीवर. आपल्याकडे गल्लीतला डॉक्टर चिठ्ठी देऊन पुढे पाठवतो, तसं इथे फारसं कोणी करत नाही. गावाकडचा माणूस थेट शहरातल्या सगळ्यात मोठ्या इमारतीसमोर येऊन उभा राहतो. मग नंबरांचा काळाबाजार होणारच. नंबर विकणाऱ्या दलालांना इथे 'ह्वांगन्यू' म्हणतात, पिवळे बैल. २०१६ च्या जानेवारीत बीजिंगच्या एका रुग्णालयात एका तरुणीने आरडाओरडा केला होता, कारण ३०० युआनचा नंबर तिला ४५०० ला सांगितला होता. तिचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. त्यानंतर खऱ्या नावाने, फोनवरून नोंदणी करण्यावर जोर आला. पण ज्याला फोन चालवता येत नाही त्याने काय करायचं?

तसेच एक आजोबा मार्चमध्ये आले. रात्रभर रेल्वेने प्रवास करून, नंबर नसलेले. पांढरा कोट बघून त्यांनी मलाच गाठलं, एका परदेशी मुलाला. मला इथे प्रिस्क्रिप्शन लिहिण्याचा अधिकार नाही, माझं चिनी अजून अडखळतं. कुठला म्हणून विचारलं. मी म्हटलं, भारताचा, ख तीह्वांच्या गावचा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, रे! इथे त्यांचं नाव ख तीह्वा. आपल्या सोलापूरच्या भैय्या चौकातल्या घरातला माणूस १९३८ मध्ये चार सहकाऱ्यांबरोबर इथे आला, बेथ्यून रुग्णालयाचा प्रमुख झाला आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तीस वर्षांचा असताना, इथेच गेला. आजोबांनी माझे दोन्ही हात धरले. एका क्षणात मी पिकलो. ऐंशी वर्षांपूर्वी गेलेल्या सोलापूरच्या माणसाचा वशिला मला असा मिळाला.

मी सरांकडे गेलो. सरांनी च्याहाव केलं. आजोबांना आत नेताना बेचाळीस नंबरची बाई, कडेवर मूल घेतलेली, आपली पाळी आली म्हणून उठून उभी राहिली होती. आमच्याकडे बघून ती पुन्हा बसली. काहीच बोलली नाही. समीर, तिचं ते बसणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ज्यांनी लाच म्हणून पैसे घेतले त्यांना पकडायला जुलैपासून इथे देशभर मोठी मोहीम चालू आहे आणि ती हवीच. पण मी त्या सकाळी केलं त्यात एक युआनही नव्हता, ते कुठल्या मोहिमेत सापडणार?

पैशांच्या पाकिटाबद्दल, 'होंगपाव'बद्दल, तुला तिकडे ऐकून माहीत असेल. १ मे २०१४ पासून मोठ्या रुग्णालयांत दाखल होताना 'पाकीट देणार नाही, घेणार नाही' असा करार पेशंट आणि डॉक्टर दोघांनी सही करायचा असतो. तरी ऑपरेशनच्या आदल्या रात्री नातेवाईक जिन्यात गाठतातच. मला वाटतं, पाकीट हा कच्च्या माणसाचा वशिला आहे. ज्याची ओळख आहे त्याला ते द्यावं लागत नाही. एकदा सरांनी पाकीट घेतलेलं पाहून मी हादरलो होतो. नंतर कळलं, त्यांनी ते तसंच खाली नेऊन त्याच पेशंटच्या अनामत खात्यात भरलं. म्हणाले, ऑपरेशनआधी नाकारलं तर घरचे रात्रभर घाबरतील, डॉक्टर नाराज आहे म्हणतील. असं करणारे ते एकटे नाहीत. भीती एवढी खोल आहे इथे.

आजोबा डिस्चार्ज झाल्यावर शेंगांची पिशवी घेऊन आले. सोललेल्या, भाजलेल्या. मला आपल्या चटणीची आठवण आली आणि नाही म्हणवलं नाही.

आता काकूंचं. सोमवारी दहा वाजता जा, माझे सिनियर तिथे आहेत, त्यांना सांगून ठेवलंय. होय, मीही ओळखच काढली, आणि काकूंसाठी पुन्हा काढीन. पण ओळख नसती तरी विचारता आले असते असे प्रश्न लिहून ने: सुईच्या तपासणीचा रिपोर्ट काय आला, अर्धी ग्रंथी काढणार की पूर्ण, आवाजाच्या नसेला धोका किती, आणि पूर्ण काढली तर कॅल्शियमची तपासणी कधी करणार. काकूंचा आवाज अलीकडे घोगरा झालाय का, गिळताना अडकतं का, हे आजच विचार आणि मला कळव. रिपोर्टचे फोटो सरळ धरून काढ, मागच्या वेळी सावली आली होती.

आणि तिथे बाकावर तुमच्या आधी कोण बसलंय, तेही लिही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
नितीन