फेस्ताचे फोटो छापता, मग या माणसांचं काय?

संपादक महोदय,

चर्चचं फेस्त आलं की तुमच्या पेपरात ओपमूस (झगा आणि खांद्यावरची केप) घातलेल्या काँफ्रारीच्या, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळाच्या, लोकांचे फोटो येतात, छानच दिसतात, तक्रार नाही. पण त्याच इगर्जीत (चर्चमध्ये) गरजूंना घरी जाऊन मदत करणारे सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीवाले पण असतात, त्यांच्यावर चार ओळी आलेल्या मला तरी आठवत नाहीत. आता ड्रेसच नाही तर फोटो कसला काढणार म्हणा.

आमच्या वाड्यावर एक म्हातारी ख्रिश्चन बाई एकटीच राहते, मुलं पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला. तिच्याकडे दर आठवड्याला दोघेजण स्कूटरवरून येतात, जोडीनेच जायचं अशी त्यांची पद्धत, तांदूळ साखर ठेवतात आणि मग बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून गोळ्यांच्या स्ट्रिपा बघतात, कुठली संपली, कुठली बाईने घेतलीच नाही. गोवा सरकारच्या दयानंद पेन्शन योजनेचा हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की फॉर्म पण तेच भरतात. पलीकडच्या हिंदू घरात नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा तिथेही गेले, धर्माचा विषय सुद्धा काढला नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण आजकाल लोकांना लगेच शंका येते.

वाईट एवढंच वाटतं की हे सगळे पेन्शनर. १८३३ साली पॅरिसला हे काम सुरू केलं ते कॉलेजच्या पोरांनी, फ्रेडरिक ओझानाम तेव्हा जेमतेम वीसचा! आमची पोरं मात्र अमेरिकेतल्या नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक पुरुषांच्या संघटनेचे तलवारी बिलवारीचे व्हिडिओ बघतात. अरे, ती संघटना पण फादर मॅकगिव्हनीने १८८२ मध्ये काढली ती घरचा कर्ता गेला तर बायकापोरं उघड्यावर पडू नयेत म्हणून, मिरवायला नव्हे.

आणि इथे शिरणं कठीण आहे असंही नाही. काँफ्रारीत काही गावांत गावकार (गावातली मूळ घराणी) कोण नि कोण नाही यावरून किती वाद झालेत ते सगळ्यांना ठाऊक आहे, इथे ती भानगड नाही, मीस (चर्चमधली प्रार्थना) संपल्यावर फादरना विचारायचं आणि मीटिंगला जाऊन बसायचं, बायकांना पण घेतात. मीटिंगमध्ये एक पिशवी फिरते, त्यात जमेल ते टाकायचं, कोणी किती टाकलं कोणाला कळत नाही.

तेव्हा एकदा रिपोर्टर पाठवाच. मदत कोणाला दिली त्यांची नावं मात्र विचारू नका, ते सांगणार नाहीत.

– एक वाचक, बार्देश