बीडलॉक बसवा, पण आधी टॉर्क पाना घ्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत थार आणि जिम्नीला काय काय लावून घ्यावं याची माहिती आली होती, त्यात बीडलॉक रिमबद्दल, म्हणजे टायरची कडा बोल्टनी आवळून धरणाऱ्या रिमबद्दल, "टायर कधीच निघत नाही, म्हणून हायवेलाही सेफ" असं छापलंय. मी ऑफरोडच्या गाड्यांचं टायरचं काम करतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना, कारण आता लोक ते कात्रण मोबाईलमध्ये घेऊन येणार आणि म्हणणार हेच लावा.

साध्या ट्यूबलेस टायरची कडा, जिला आम्ही बीड म्हणतो, ती रिमला चिकटून राहते ती आतल्या हवेच्या जोरावर. रस्त्यावर ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा असते तोवर काही प्रश्नच नाही. दगडात, वाळूत, खोल चिखलात जायचं म्हटलं की हवा काढतात, टायर पसरतो, जमिनीला लांब टेकतो आणि गाडीला पकड मिळते. सावकाश चालवलं तर १५-१८ पीएसआयला साधी रिम आरामात निभावते. पण १२ च्या खाली गेलात आणि वळताना बाजूने दगडाचा रेटा बसला की बीड सुटते आणि भस्सकन सगळी हवा जाते. ज्याला ८ किंवा ५ पीएसआयवर दगड चढायचेत त्याच्यासाठी बीडलॉक आहे, त्यात टायरची बाहेरची बीड रिम आणि एका जाड रिंगच्या मधे दाबून धरतात आणि ती रिंग २४ ते ३२ बोल्टनी आवळतात. आतल्या बाजूची बीड मात्र बहुतेक रिममधे हवेवरच बसलेली असते हो, ती लॉक करणारी रिम वेगळी आणि महाग. मग "कधीच निघत नाही" कुठून आलं?

आता आपल्याकडे ८ पीएसआयची गरज किती जणांना पडते ते सांगा. गोव्यात २०१४ ला रेनफॉरेस्ट चॅलेंज सुरू झाली, तसल्या स्पर्धेत उतरणारे लोक वेगळे, त्यांना लागतं, त्यांनी जरूर लावावं. पण रविवारी मुळशी-ताम्हिणीला चिखल उडवायला जाणाऱ्याला हवा मोजायचं गेज आणि एक बरा कंप्रेसर पुरतो. बीड सुटली तरी काही आभाळ कोसळत नाही, जॅक लावायचा, टायरच्या भोवती रॅचेटचा पट्टा आवळायचा, हवा भरायची, बसते परत.

बरं अमेरिकेत, जिथे या गोष्टीचं एवढं वेड आहे, तिथे जीप रँग्लर रुबिकॉनला आणि फोर्ड ब्रॉन्कोला कंपनीच बीडलॉक लावता येईल अशी रिम देते, पण गाडी शोरूममधून बाहेर पडते ती नुसती शोभेची रिंग लावून. खरी रिंग मालकाने वेगळी घ्यायची आणि ऑफरोडसाठी वापरायची. आणि आपल्या बाजारात? इथे "बीडलॉक" म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं म्हणजे साध्या अलॉयवर ठोकलेले दिखाऊ बोल्ट. ते काही धरत नाहीत. दुकानदाराला सांगा रिंग सुटी करून दाखव, नाही निघाली तर ती नकली, विषय संपला. माझं म्हणाल तर नकली लावून रस्त्यावर फिरणारा परवडला, नकलीवर विश्वास ठेवून ६ पीएसआयला उतरणारा नको.

खरी घेतलीच तर बसवणं हे अर्ध्या तासाचं काम नाही. साबणाचं पाणी लावून आधी टायर रिमवर उतरवायचा, बाहेरची बीड खाचेत सगळीकडून सारखी बसली का ते बघायचं, टायर जरा जरी एका बाजूला सरकलेला राहिला तर पुढे गाडी थरथरणार म्हणजे थरथरणारच. मग रिंग ठेवून सगळे बोल्ट हाताने धरवायचे, आणि नंतर समोरासमोरचे घेत घेत टप्प्याटप्प्याने आवळायचे, एका बाजूने ओळीने आवळत गेलात की रिंग वाकलीच समजा. टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळायचा जोर, रिम बनवणाऱ्याने दिलाय तोच, साधारण २० ते २७ न्यूटन मीटर असतो, म्हणजे चाकाच्या नटांच्या मानाने फारच कमी, आणि म्हणूनच नट-बोल्ट आवळायची एअर गन अजिबात नको, छोटे बोल्ट तुटतात किंवा आटे जातात. रिंग बसल्यावर हवा भरून आतली बीड बसवायची. शंभरेक किलोमीटर चालवलं की परत सगळे बोल्ट तपासायचे आणि पुढेही अधूनमधून, कारण ते सैल होतात. पावसाळ्यात रिंगमधे चिखल जाऊन बसतो आणि बोल्ट गंजून धरतात, तेव्हा धुतल्याशिवाय पार्क करू नका. आणि एक गोष्ट पुरवणीत ठळक अक्षरात यायला हवी होती: टायरमधे हवा असताना रिंगचे बोल्ट कधीही सोडायचे नाहीत. हम्वी या लष्करी गाडीच्या दोन तुकड्यांच्या रिमसाठी अमेरिकन सैन्यात आधी हवा पूर्ण काढा असा सक्त नियम आहे तो उगाच नाही, रिंग उडाली तर समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

आता विचार करा, रात्री घाटात पंक्चर झालंय आणि टपरीवरच्या पोराने असली रिम कधी बघितलेली नाही. त्याच्याकडे टॉर्क पाना कुठून असणार, तो बिचारा हवा न काढताच पाना लावेल. हायवेला सेफ म्हणायचं ते याला? शिवाय रिंगचं वजन आहे, बॅलन्सिंग लवकर जमत नाही, आणि हवा कमी ठेवून डांबरावर पळवलं तर बीड जागेवर राहते खरी पण टायरची बाजू तापून खराब होते.

कायद्याचंही लिहायला हवं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतले बदल रोखतं, जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि कलम १८२अ मधे नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अपघात झाला की इन्शुरन्सवाले हेच पुढे करतात, ते वेगळंच.

तेव्हा विनंती एवढीच की त्या मजकुराचा खुलासा येत्या रविवारी त्याच जागी छापा, आणि जमलं तर आरटीओच्या अधिकाऱ्यांना विचारून कुठल्या रिम रस्त्यावर चालतात आणि कुठल्या नाही तेही त्यात द्या. आम्ही गिऱ्हाइकाला सांगितलं तर त्याला वाटतं हा धंदा टाळतोय.

आपला,
एक टायरवाला वाचक, पौड रोड, पुणे