डिलीट केलेली मेल मशीनमधून गेलीच पाहिजे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग आणि सॉफ्टवेअर टीम

विषय : ब्रेल नोटटेकरच्या मेल डेटाबेसमध्ये डिलीट केलेल्या मेल लपून राहतात, त्याबद्दल तिसऱ्यांदा तक्रार

नमस्कार,

मी मुलुंडला राहते, दादरजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते, मला जन्मापासून दिसत नाही, आणि तुमच्या कंपनीचे दोन नोटटेकर, म्हणजे बोटांनी ब्रेल वाचायची-लिहायची छोटी मशीन, मी घेतलेत, पहिला सात वर्षांपूर्वी आणि दुसरा मागच्या दिवाळीत, दोन्ही ३२ सेलचे, म्हणजे एका वेळी ३२ ब्रेल अक्षरं दाखवणारे. याच विषयावर तुमच्याकडे एक फोन आणि एक मेल करून झाली. फोनवर सांगितलं गेलं की ट्रॅश रिकामा करा, मेलला उत्तर आलं की मशीन कुरियरने पाठवा, फॅक्टरी रिसेट करून देऊ. दोन्ही उत्तरं माझ्या प्रश्नाची नाहीत, म्हणून आता सगळं नीट लिहून पाठवतेय, थोडं मोठं झालंय पण कृपया पूर्ण वाचा.

नवीन मशीन आलं तेव्हा जुनं मी आमच्याच कॉलेजमधल्या अकरावीच्या एका मुलीला द्यायचं ठरवलं. तिलाही अजिबात दिसत नाही, घरची परिस्थिती बेताची, आणि या मशीनच्या किमती लाखांच्या घरात, ती मुलगी ते स्वतः कधी घेणार. द्यायच्या आधी मी दोन संध्याकाळी बसून सगळं साफ केलं. इनबॉक्स रिकामा, सेंट रिकामा, ट्रॅश रिकामा, मग मेल अकाउंटच काढून टाकलं, मशीन बंद करून परत चालू केलं, मेल उघडली तर डिस्प्लेवर आलं की एकही अकाउंट नाही. माझ्या हिशेबाने काम झालं होतं. नोट्स आणि पुस्तकं मुद्दाम ठेवली, इतिहासाची आणि मराठीची, तिला उपयोगी पडतील म्हणून.

चार दिवसांनी तिचा फोन आला. मॅडम, मी सर्चमध्ये एक्झाम असं टाकलं तर दुसऱ्याच कुणाची तरी मेल आली, मी लगेच बंद केली पण पहिली ओळ वाचली गेली माझ्याकडून, सॉरी. ती ओळ तिने मला सांगितली नाही, फक्त नाव सांगितलं. माझ्या लक्षात आलं ती कुठली मेल. तीन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने परीक्षेला का बसू शकत नाही ते मला लिहिलं होतं, घरातलं होतं ते, त्याने फक्त मला सांगितलं होतं. मी वाचली, उत्तर दिलं, त्याच आठवड्यात डिलीट केली.

हे तुमच्या टीममधल्या डोळस लोकांना कदाचित पटकन समजणार नाही म्हणून सांगते. स्क्रीनवर नको ते दिसलं तर माणूस नजर फिरवतो. ब्रेलमध्ये तसं होत नाही हो, बोटाखाली आलेली ओळ कोणाची आहे हे कळेपर्यंत ती वाचून झालेली असते. त्या मुलीची यात काहीच चूक नाही, उलट तिने प्रामाणिकपणे सांगितलं. चूक माझीही नाही, मी तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेली प्रत्येक पायरी केली होती. तरी त्या मुलाला मी काय सांगू?

मशीन मी परत आणलं आणि शोधायला बसले. सर्चमध्ये शब्द टाकला की मेल सापडते, उघडते, वाचता येते, पण डिलीट करायला गेलं की मशीन म्हणतं फोल्डर सापडत नाही. मेलच्या यादीत शिरायला अकाउंट लागतं आणि अकाउंट तर मी काढून टाकलेलं. म्हणजे घराचं दार भिंत घालून बंद केलं आणि सामान आतच राहिलं, तशातली गत. अकाउंट काढलं की त्याच्या मेल काढायला हव्यात, हे तुमच्या प्रोग्राममध्ये कुणी लिहिलेलंच नाही असं मला दिसतंय. पाच वर्षांपूर्वी मी पॉपवरून आयमॅपवर आले (सर्व्हरवरच्या मेल मशीनवर वाचायच्या या दोन पद्धती, पॉप मेल मशीनमध्ये उतरवते, आयमॅप सर्व्हरवरच ठेवते) तेव्हा पण जुनं अकाउंट काढून नवीन टाकलं होतं, तर त्या वेळच्या मेलसुद्धा सगळ्या आत सापडल्या.

मग यूएसबीने मशीन लॅपटॉपला लावलं. तुमच्या फाइल मॅनेजरमध्ये मेलचं फोल्डर दिसतच नाही, लॅपटॉपवर हिडन फाइल दाखवा केलं तेव्हा एनव्हीडीएने, म्हणजे लॅपटॉपवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरने, ते वाचलं. आत सगळ्या मेल साठवणारी डेटाबेसची एकच फाइल, ४१८ एमबी. एकही अकाउंट नसलेल्या, एकही मेल नसलेल्या मशीनमध्ये ४१८ एमबी! गेली दोन वर्षं मेल उघडायला तीन तीन मिनिटं का लागायची आणि मेमरी कमी आहे असं सारखं का यायचं, ते त्या दिवशी कळलं. मी त्यापायी माझी ऑडिओ रेकॉर्डिंग काढून टाकत होते, व्याख्यानांची, जी परत मिळणार नाहीत.

त्या फाइलची कॉपी करून नोटपॅडमध्ये उघडली. बराच वेळ नुसता कचरा वाचला जात होता आणि मध्येच सरळ इंग्रजी वाक्यं. बँकेची स्टेटमेंट पाठवल्याची मेल, आईच्या रक्त तपासणीचे आकडे, स्टाफच्या मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते. मराठीतल्या मेल मात्र कळत नव्हत्या, कारण देवनागरी मजकूर मेलमधून जाताना बहुतेक वेळा बेस चौसष्ट नावाच्या पद्धतीने साध्या अक्षरांत बदलून जातो, आणि अटॅचमेंटही तशाच जातात. त्यात तीन बाइटचे चार होतात, म्हणजे विद्यार्थ्याने ६ एमबीची फाइल जोडली की मेल ८ एमबीच्या वर जाते. मुलं मला उत्तरं मेलवरच पाठवतात, कारण कागदावरचं मी वाचू शकत नाही. तेव्हा ४१८ कसे झाले ते समजायला फार डोकं लागत नाही.

डेटाबेस कसा चालतो हे मला थोडंफार माहितेय. एखादी नोंद डिलीट केली की बऱ्याच डेटाबेसमध्ये ती लगेच पुसली जात नाही, ती जागा रिकामी आहे एवढीच खूण होते आणि पुढे नवीन काही आलं की त्यावर लिहिलं जातं, तोपर्यंत जुनं तसंच पडून राहतं आणि फाइलही लहान होत नाही. यात लपवण्यासारखं काही नाही. पण मग ती साफ करायची सोय पण देतात ना. एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये फाइल साफ करून लहान करणारी व्हॅक्यूम ही कमांड आहे. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये कॉम्पॅक्ट फोल्डर्स आहे, ते केल्याशिवाय तिथेही डिलीट केलेल्या मेल फाइलमधून जात नाहीत, पण निदान मेन्यूत ते आहे आणि कोणीही करू शकतं. आयमॅपमध्ये सुद्धा मेलवर आधी डिलीटेड अशी खूण होते आणि मग एक्स्पंज म्हटलं की ती खरी जाते. तुमचं मशीन सर्व्हरला एक्स्पंज बरोबर पाठवतं, मी वेबवर जाऊन बघितलं, तिथून मेल गेलेल्या होत्या. सर्व्हरवरून गेल्या, आणि माझ्या हातातल्या मशीनमधून नाही!

तुमच्या इंजिनिअरचं म्हणणं होतं की डिलीट केलेल्या मेलची नोंद ठेवावी लागते, नाहीतर पॉप अकाउंटवर त्याच मेल पुन्हा डाउनलोड होतील. हे अर्धं बरोबर आहे. सर्व्हरवर कॉपी ठेवा असं सेटिंग असेल तर मशीनला लक्षात ठेवावं लागतं की कुठली मेल येऊन गेली. पण त्यासाठी प्रत्येक मेलला सर्व्हरने दिलेला एक वेगळा ओळख क्रमांक असतो, पॉप ३ च्या १९९६ सालच्या स्टँडर्डमध्ये तो जास्तीत जास्त ७० अक्षरांचा आहे. ती ७० अक्षरं ठेवा की, मी कुठे नाही म्हणतेय. आख्खी मेल, विषय, पाठवणाऱ्याचं नाव, अटॅचमेंट, हे सगळं ठेवायची काय गरज? आणि ज्याचं अकाउंटच काढलं त्याच्यासाठी तर ती ७० अक्षरंही नकोत.

माझं नवीन मशीनही तपासलं, कारण मला वाटलं तुम्ही एवढ्या वर्षांत सुधारलं असेल. रोमन अक्षरांत एक शब्द बनवला, कुठल्याच भाषेत नसलेला, तो विषयात आणि मजकुरात टाकून स्वतःलाच मेल केली. आली, वाचली, डिलीट केली, ट्रॅश रिकामा केला, मशीन बंद चालू केलं. मग फाइल लॅपटॉपवर घेऊन तो शब्द शोधला. दोन वेळा सापडला. म्हणजे दिवाळीत मी पैसे मोजून घेतलेल्या मशीनमध्ये पण तोच दोष आहे आणि आत्ता या क्षणीही त्यात माझ्या मुलांच्या मेल साठतायत.

जुन्या मशीनचं मी काय केलं ते पण सांगते, म्हणजे तुम्ही असं म्हणू नका की ग्राहकाने काही प्रयत्न केला नाही. आधी सगळ्या नोट्सचा बॅकअप घेतला. मेलचा प्रोग्राम पूर्ण बंद केला, नुसता मागे ठेवला नाही, कारण उघडा असेल तर फाइल अडकलेली असते. मग लॅपटॉपवरून त्या डेटाबेस फाइलचं नाव बदललं, मशीन बंद चालू केलं, मेल उघडली. जीव मुठीत धरून बसले होते खरं सांगते, मशीन उघडलंच नाही तर त्या मुलीला काय देणार. पण प्रोग्रामने स्वतःच नवीन रिकामी फाइल बनवली, मेल लगेच उघडली, सर्चमध्ये एक्झाम टाकलं तर फक्त माझ्या नोट्स आल्या. पत्त्यांची यादी वेगळ्या फाइलमध्ये असल्यामुळे ती शाबूत राहिली. नंतर जुनी फाइल काढून टाकली. आता सांगा, हे मला लॅपटॉप, एनव्हीडीए आणि हिडन फाइल माहीत होत्या म्हणून जमलं. ज्याच्याकडे फक्त तुमचंच मशीन आहे त्याने काय करायचं? आणि ज्याच्या पॉप अकाउंटवर सर्व्हरला कॉपी राहत नाही, त्याने असं नाव बदललं तर त्याच्या ठेवायच्या मेल पण कायमच्या जातील, म्हणून मी हा उपाय कुणाला बिनधास्त सांगूही शकत नाही.

रिसेटबद्दल. तुमचा रिसेट सगळंच पुसतो, आणि मशीन तीन आठवडे तुमच्याकडे राहणार असं लिहिलंय. माझ्यासाठी हे मशीन म्हणजे वही, पेन, पुस्तक सगळं आहे. रोज लोकलने जाताना मी त्यावर त्या दिवसाचा धडा वाचते, मोबाइलवर नाही, कारण कानात इअरफोन घातला तर पुढचं स्टेशन कुठलं ते ऐकू येत नाही, आणि गर्दीत कोण काय सांगतंय तेही. बोटांनी वाचलं की कान मोकळे राहतात. ज्या मशीनमुळे कान मोकळे ठेवता येतात ते तीन आठवडे काढून घेऊन तुम्ही मला तेच परत देणार, आणि पुढच्या महिन्यात फाइल पुन्हा भरायला लागणार. शिवाय ज्या मेल कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून मी धडपडतेय त्याच मेलसकट मशीन कुरियरने पाठवायचं? त्या सोबत भरायला जो फॉर्म पाठवलात तो स्कॅन केलेलं चित्र आहे, स्क्रीन रीडर त्यातला एक शब्द वाचत नाही. अंध लोकांसाठी वस्तू बनवणाऱ्या कंपनीकडून हे यावं याचं मला फार वाईट वाटलं.

मला पैसे परत नकोत. मेल प्रोग्रामच्या मेन्यूत डेटाबेस साफ करायची कमांड द्या, मशीनवरूनच चालणारी, ब्रेलमध्ये किती जागा मोकळी झाली ते सांगणारी. अशा सफाईला बरेचदा फाइलच्या दुप्पट मोकळी जागा लागते, त्यामुळे मेमरी पूर्ण भरायच्या आधी मशीनने आठवण करून दिली पाहिजे, नाहीतर ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती चालणार नाही. अकाउंट काढलं की त्याच्या सगळ्या मेल जाऊ देत. सर्चने डिलीट झालेलं दाखवू नये, हे तर पुढच्याच अपडेटमध्ये करता येण्यासारखं आहे. आणि जुन्या मॉडेललाही हे अपडेट द्या, कारण ही मशीन कोणी फेकून देत नाही, ती एकाकडून दुसऱ्याकडे जातात, शाळेत जातात, गावाकडे जातात, आणि प्रत्येकात आधीच्या माणसाचं काहीतरी आत असणार. तोपर्यंत ज्यांनी ज्यांनी मशीन घेतलंय त्यांना मेल करून कळवा की असं होतंय.

या पत्राचं उत्तर १५ दिवसांत लेखी द्या, साध्या टेक्स्टमध्ये, चित्रात नको. नाही आलं तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे माझ्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाईन, त्या कायद्याने आता ग्राहकाला तो राहतो तिथे दाद मागता येते. माझ्याकडे दोन्ही फाइलच्या कॉपी पासवर्ड घालून ठेवल्यात, त्या फक्त पुराव्यासाठी, तुम्हाला त्या पाठवणार नाही. तपासायला हवं असेल तर तुमचा माणूस माझ्या घरी येऊन माझ्यासमोर बघू शकतो, रविवारी मी घरी असते.

अजून एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला सगळ्यात आधी हवंय. नाव बदलून मग काढून टाकलेली ती जुनी फाइल मशीनच्या मेमरीतून खरंच पुसली गेली का, की तीही कुठेतरी तशीच पडून आहे? मेमरी पूर्ण पुसायची, पण नोट्स परत टाकता येतील अशी पद्धत असेल तर पायरीपायरीने लिहून पाठवा. जुनं मशीन माझ्या कपाटात आहे. कॉलेज सुरू झालंय, त्या मुलीचा काल परत फोन आला होता, तिला मी पुढच्या आठवड्यात देते म्हणून सांगितलंय.

आपली,
मुलुंडची एक ग्राहक
(दोन्ही मशीनचे सिरियल नंबर आणि बिलं सोबत जोडली आहेत)