को ताओला जायचं, पण दिवाळीत नको

पुणे

चि. सौ. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही तिघं, तू, जावईबापू आणि चिनू, थायलंडच्या को ताओला जायचं म्हणताय. बेट उत्तम निवडलंत, पण महिना चुकलाय. थायलंडच्या दोन किनाऱ्यांचे पावसाळे वेगळे आहेत, हे आधी डोक्यात पक्कं कर. फुकेत, क्राबी, को लीपे ही अंदमान समुद्राकडची. आपल्या कोकणात उतरतो तोच नैऋत्येचा पाऊस तिथे साधारण मेपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. को ताओ, को फांगान, को सामुई ही थायलंडच्या आखाताकडची. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे चेन्नईला झोडपतो तो ईशान्येचा. त्यात नोव्हेंबर सगळ्यात वाईट. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, पाणी गढूळ होतं. शिवाय जेमतेम २१ चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर विमानतळच नाही. बोट नाही म्हणजे सुटका नाही.

म्हणून शाळा संपल्यावर, मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा. ऊन कडक असेल, एखादी सर येईल, पण समुद्र बहुतेक वेळा शांत असतो. एप्रिलचे १३ ते १५ हे दिवस मात्र टाळा. तेव्हा सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष असतं आणि सगळा देश गावी निघालेला असतो. पौर्णिमाही बघून घे. शेजारच्या को फांगानला पौर्णिमेची मोठी पार्टी असते आणि तिच्या आगेमागे दोन-तीन दिवस बोटी भरलेल्या असतात.

जायचे रस्ते दोन. सामुईला विमान आणि तिथून बोट हा सोपा रस्ता, पण सामुईचा विमानतळ खाजगी आहे आणि तिकिटं महाग पडतात. मला दुसरा आवडतो: बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेने किनाऱ्याजवळचं चुम्फोन शहर आणि तिथून सकाळच्या कॅटामरानने, म्हणजे जोडसांगाड्याच्या वेगवान बोटीने, को ताओ, साधारण पावणेदोन तास. मुंबईचं रात्रीचं विमान पहाटे बँकॉकला उतरतं (तिथलं घड्याळ दीड तास पुढे), त्यामुळे दिवसभर आराम करून संध्याकाळी गाडी पकडता येते. लांबच्या गाड्या आता क्रुंग थेप अफिवात या नव्या स्टेशनातून सुटतात, जुन्या हुआलाम्फोंगला जाऊ नका. बर्थ खालचे घ्या, ते वरच्यांपेक्षा रुंद असतात. एसी फार गार असतो, चिनूसाठी शाल हाताशी ठेव. आणि गजर लाव. गाडी चुम्फोनला संपत नाही, पुढे दक्षिणेला जाते, आणि स्टेशन येतं तेव्हा बाहेर अंधार असतो. बोटीचा धक्का शहरापासून बराच लांब आहे, म्हणून बोटीचं तिकीट स्टेशनावरून धक्क्यापर्यंतच्या बससकटच काढा.

बोटीवर चढताना सामान बेटाप्रमाणे वेगळं रचतात. हीच बोट पुढे फांगान आणि सामुईला जाते, तेव्हा आपल्या बॅगा ताओच्याच ढिगात पडल्या का ते स्वतः उभं राहून बघ. पासपोर्ट, औषधं आणि पैसे अंगावरच्या पिशवीत. चिनूला बोट लागत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी निघायच्या तासभर आधी द्यायची. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. बसायला खालचा मजला, मधली किंवा मागची बाजू. पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त आपटतं.

परतीचा हिशेब मात्र नीट कर, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. जावईबापूंना डायव्हिंगचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जायचा, ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स करायचाय ना? तो तीन-चार दिवसांचा असतो, समुद्रात चार डाइव्ह, खोली जास्तीत जास्त १८ मीटर. खाली दाबाखाली श्वास घेताना रक्तात नायट्रोजन मुरतो आणि तो हळूहळूच बाहेर पडतो. तो पुरता निघायच्या आत विमानात बसलं, तर तिथल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून अनेक डाइव्हनंतर निदान १८ तास विमान नाही. त्यात एखादी बोट रद्द होण्याची शक्यता धर. म्हणजे शेवटचा डाइव्ह, मग बोट, मग एक पूर्ण रात्र बँकॉकला आणि त्यानंतर विमान. ही एक रात्र दोन्ही कामं करते, पैसे वाचवायला ती कापू नका. कोर्सआधी तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो. दमा, कानाचं दुखणं किंवा रक्तदाब असेल आणि एका जरी प्रश्नाला 'हो' आलं, तर डॉक्टरांची सही लागू शकते. ती इथूनच घेऊन जावी.

राहायला दक्षिणेचं चालोक बान काओ बघ. उथळ, शांत, मुलांना बरं. साइरीचा किनारा सुंदर आहे, पण रात्री गोंगाट असतो.

चिनूसाठी पाण्याखाली बघायचा काचेचा मास्क इथूनच घे, भाड्याचे लहान चेहऱ्याला गळतात. दुकानात पट्टा न लावता मास्क तिच्या चेहऱ्यावर ठेव, नाकाने श्वास आत घ्यायला सांग आणि हात सोड. चिकटून राहिला तर बरोबर, पडला तर दुसरा. केसांची एक बट आत अडकली तरी पाणी शिरतं. नव्या काचेवर आतून सिलिकॉनचा थर असतो. पांढरी टूथपेस्ट बोटाने चोळून दोन-तीनदा धू, नाहीतर काच सारखी धुरकटते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाल, पोहताना मान आणि गुडघ्यामागची कातडी भाजते. ओहोटीला प्रवाळावरून पोहू देऊ नकोस. पोट खरचटतं, जखम लवकर भरत नाही आणि प्रवाळही मोडतं.

तिथे टायटन ट्रिगरफिश नावाचा हातभर मासा आहे. अंड्यांवर बसला की अंगावर येतो आणि चावतो. त्याची हद्द नरसाळ्यासारखी, तळाशी अरुंद आणि वर रुंद. म्हणून घाबरून वर जायचं नाही, आडवं पोहत दूर जायचं, पाय त्याच्याकडे ठेवून. जेलीफिश डसला तर आधी व्हिनेगर, निदान अर्धा मिनिट ओतत राहायचं. चोळायचं नाही, गोडं पाणी लावायचं नाही. एक छोटी बाटली पिशवीत असू दे.

स्कूटर घेऊच नका असं माझं ठाम मत आहे. पूर्वेकडचे चढ फार उभे आहेत, वळणांवर वाळू असते, आणि दुचाकीचं लायसन्स व आरटीओचं इंटरनॅशनल परमिट नसेल तर विमा कंपनी हात वर करते. भाड्यासाठी कोणी पासपोर्ट ठेवून घेऊ लागलं तर सरळ निघून या. मोठा दवाखाना सामुईला आहे, म्हणून डायव्हिंगसकट प्रवास विमा हवाच.

खाण्यात मासे लपलेले असतात. भाजीच्या रश्शात नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, करीच्या वाटणात सुकी कोळंबी, पपईच्या कोशिंबिरीतही तेच. नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही, थाईत 'जे' म्हण, म्हणजे मासे-मांस अजिबात नसलेलं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली की ते जेवण 'जे'. त्यात कांदा-लसूणही नसतो.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या वर हवी. १ मे २०२५पासून ऑनलाइन अरायव्हल कार्ड सक्तीचं आहे. ते पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली की ती खोटी. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाच्या साइटवर पुन्हा बघ. एटीएम दर वेळी दोनशे बातच्या (थाई चलन) वर कापतं, त्यामुळे एकदाच मोठी रक्कम काढा, आणि मशीनने रुपयांत हिशेब करू का विचारलं तर नाही म्हणा.

मास्क आधी आण आणि चिनूला तो घालून बादलीत तोंड बुडवायची सवय लाव. तारखा ठरल्या की कळव, पौर्णिमा मी पंचांगात बघून ठेवते.

तुझी,
आई