न दिसणाऱ्यासाठी बोलायचं

पंचवटी, नाशिक

प्रिय विन्या,

तुझं पत्र मिळालं आणि लगेच उत्तराला बसलो, कारण हे सगळं फोनवर सांगून व्हायचं नाही. नोकरी सांभाळून तुला कुस्तीचं निवेदन करायचंय, आणि पुढं जमलं तर डब्ल्यूडब्ल्यूईच्या हिंदी कॉमेंट्रीसाठी धडपडायचंय. तुझा आवाज दमदार आहे, शाळेच्या गॅदरिंगपासून ऐकतोय. पण आवाजाचं नंतर.

आमच्या आप्पांना तू पाहिलंयस. काचबिंदूनं त्यांची नजर गेली तेव्हा मी नववीत होतो. जत्रेतला कुस्त्यांचा फड मात्र त्यांनी सोडला नाही. मी हाताला धरून न्यायचो, आखाड्याच्या कडेला बसवायचो आणि दिसेल ते सांगायचो.

"आप्पा, त्यानं पट काढला." पट म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला खाली घ्यायचा डाव.

"एकेरी का दुहेरी?"

"एकेरी."

"कुठला पाय? आणि वरच्याचा हात कुठंय, मानेवर का काखेत?"

मी गप्प. तोवर कुस्ती पुढं गेलेली असायची. आप्पा चिडायचे नाहीत, माझा हात जरा घट्ट धरायचे. त्यांना आत्ता काहीच दिसत नाहीये आणि ते माझ्यामुळं, हे मला त्या पकडीतून कळायचं. आजही माइक हातात आला की लांबच्या कर्ण्याखाली आप्पा बसलेत असं धरूनच मी बोलतो. आणि ते खोटंही नाही. पुढची माणसं उभी राहिली की मागच्यांच्या वाट्याला नुसत्या पाठी येतात. त्यांची कुस्ती तुझ्या तोंडातून होते.

म्हणून पहिलं काम म्हणजे तालमीत जाऊन बसणं. लंगोट लावून मातीत उतरलास तर फारच चांगलं, पण निदान सहा महिने पहाटे जाऊन बघ. ढाक कुठं संपते आणि टांग कुठं सुरू होते, घिस्सा मारताना खालचा गडी कोपर का आवळून धरतो, सवारी भरली की सुटायला इतका वेळ का लागतो, असं एकेका डावाचं वस्तादांना विचार. कुठलीही कुस्ती चितपट झाली की "धोबीपछाड" म्हणून ओरडणारे निवेदक मी ऐकलेत. पब्लिकमध्ये निम्मे जुने पैलवान बसलेले असतात, त्यांना तिथल्या तिथं कळतं.

गादीवरच्या, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीचे नियम वेगळे, तेही पाठ हवेत. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद विश्रांती. खाली घेऊन ताबा मिळवला तर २ गुण, प्रतिस्पर्ध्याचा पाय रिंगणाबाहेर गेला तर १, फ्रीस्टाईलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपली. गुण बरोबरीत असून एकाला विजयी केलं, तर ते का, हे लोकांना त्याच क्षणी सांगता आलं पाहिजे. नाहीतर फडात गोंधळ उठतो आणि शिव्या पंचांना बसतात.

दुसरं, एक वही कर. पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद, वजन, आधी कुणाशी लढलाय, कुठला डाव हातखंडा. माझी नववी वही चालू आहे. निफाडकडच्या एका फडात मी एका पोराचं गाव चुकीचं पुकारलं. पोरगं जिंकलं, पण त्याचे वडील स्टेजजवळ येऊन एवढंच म्हणाले, "चार वर्षं दूध घातलंय त्याला, गाव तरी आमचं घ्या." मी माइकवरून माफी मागितली, तरी त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून जोड लागली की दोघांकडं स्वतः जाऊन नाव-गाव विचारतो.

माहिती असली की काय होतं ते बघ. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली, आपल्या नाशिककडून लढणारा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवार यांच्या तालमीतले. हे ठाऊक नसलेल्याला ती संथ, कमी गुणांची लढत वाटेल. ठाऊक असलेला सांगेल की एकमेकांचे डाव रोज अंगावर घेतलेले हे दोन गडी आहेत, म्हणून कुणी सहज सापडत नाहीये. हर्षवर्धननं ३-२ नं जिंकल्यावर शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. त्या क्षणी निवेदकानं काय बोलावं? मला विचारशील तर काहीच नाही. हलगी वाजू द्यावी.

आता डब्ल्यूडब्ल्यूई. निकाल आधी ठरलेला असतो म्हणून तिथलं काम हलकं समजू नकोस. टेबलावर एक जण चाललेली लढत सांगतो, दुसरा तिच्यात रंग भरतो, कधी कधी उघड खलनायकाची बाजू घेऊन. गोरिला मॉन्सून आणि बॉबी हीनन यांची जोडी त्यासाठीच गाजली. कानात हेडफोन, त्यातून निर्मात्याच्या सूचना, आणि तोंड चालूच. याचा सराव घरी कर. टीव्हीचा आवाज बंद करून लढत लाव, मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड कर, आणि कानात रेडिओच्या बातम्या चालू ठेव. पहिले पंधरा दिवस जीभ अडखळेल.

जिम रॉस यांना मात्र जरूर ऐक. समालोचक होण्याआधी त्यांनी रेफरीचं काम केलं होतं. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गला पिंजऱ्यातल्या लढतीत अंडरटेकर या पैलवानानं समोरच्या मॅनकाइंडला पिंजऱ्याच्या छतावरून खाली स्पॅनिश समालोचकांच्या टेबलावर फेकलं. तेव्हा रॉस डावाचं वर्णन करत नाहीत. हा माणूस वाचला का, एवढीच काळजी त्यांच्या आवाजात आहे. प्रत्येक आपटीला टिपेला जाणाऱ्याकडं अशा वेळी काही शिल्लकच राहत नाही.

आवाजाचं एवढंच. सुरुवात खालच्या पट्टीत, माइक तोंडापासून चार बोटं लांब, कोमट पाणी जवळ. दुपारी सुरू झालेला फड अंधार पडेपर्यंत चालतो आणि मोठी कुस्ती शेवटी असते, तोवर गळा टिकला पाहिजे.

एका गोष्टीवर माझी प्रत्येक यात्रा कमिटीशी बोलणी होतात. कुस्ती ऐन रंगात असताना देणगीदारांच्या चिठ्ठ्या हातात येतात. मी त्या खिशात ठेवतो आणि दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात आदरानं वाचतो. एका गावानं यामुळं मला पुन्हा बोलावलं नाही. चालेल. मातीत जीव तोडून लढणाऱ्यावर दुसऱ्याचं नाव पुकारणं मला जमत नाही. आणि मुलींची कुस्ती लागली की "ताकदवान मुलगी" वगैरे कौतुक करत बसू नकोस. तीही पैलवानच. २०२३ ला सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. डाव सांग, गुण सांग, वस्तादांचं नाव घे.

पैशाचं विचारलंयस. पहिली दोन वर्षं मला नारळ, टॉवेल-टोपी आणि गाडीभाडं मिळालं. आता मानधन मिळतं, पण जत्रांचा हंगाम संपला की हात रिकामे. नोकरी सोडू नकोस.

चैत्रात इकडं ये. सिन्नरकडच्या एका कमिटीशी बोललोय. रेवड्यांवरच्या कुस्त्या, म्हणजे लहान पोरांच्या, तुझ्याकडं देतो. शंभरेक जोडी तरी लागतील, एकेक मिनिटाच्या. आदल्या दिवशी पोच, सकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाऊन येऊ आणि मग तालमीत. नवी वही मी घेऊन ठेवलीय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू